अक्काचा पहारा



आपल्या नांदेड-लातूरच्या व्याख्यानमालांना थोर नावांची सवय आहे. स्वामी रामानंद तीर्थ, नरहर कुरुंदकर अशा माणसांच्या विचारांवर बोलायला वक्ते येतात, आपण मन लावून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. संयोजकांनी यंदा मला विषय दिला तो वेगळा. ‘तुमच्या घरातल्या एका माणसाचं स्मरण करा,’ असं त्यांनी सांगितलं. मी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल बोलणार आहे. आम्ही तिला अक्का म्हणायचो आणि गावही तिला अक्काच म्हणायचं.

अक्काला डाउन सिंड्रोम होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पैसे मोजता येत नव्हते, तिचं बोलणं परक्या माणसाला चटकन उमगत नसे. आणि अक्का निष्ठावंत वारकरी होती. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतो, कारण आयुष्यभर लोकांनी पहिलीचा दाखला देऊन दुसरी खोटी ठरवली. ‘तिला काय कळतंय?’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. आज मला त्याचं उत्तर द्यायचं आहे. अक्काची श्रद्धा तिची स्वतःची होती, तिने ती निवडली, पाळली आणि निभावली. हे एकदा मान्य केलं की तिच्यासारख्या माणसांकडे दयेने पाहून भागत नाही, त्यांच्यासाठी आपली काही कर्तव्यं ठरतात.

स्मरण कसं करावं, याचा मराठीतला पहिला धडा महानुभावांनी घालून दिला आहे. आपल्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे त्या पंथाचं फार मोठं तीर्थ. या पंथाने ज्यांना परमेश्वराचा अवतार मानलं, ते गोविंदप्रभू तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला होते. लहानपणीच आई-वडील वारले आणि नातेवाइकांनी त्यांना वाढवलं. त्यांचं वागणं लोकरीतीत बसणारं नव्हतं. ते मनाला येईल तिकडे जात, कुणाच्याही घरात शिरत, खेळत, रुसत, हसत, विटाळ-चांडाळ मानत नसत. काही लोक त्यांना वेडे म्हणत. आणि त्याच गावातले लोक त्यांना आईच्या, बापाच्या ठिकाणी मानत. गोविंदप्रभूंविषयी आजच्या वैद्यकाच्या भाषेत तर्क करणं हे श्रद्धेचा आणि इतिहासाचा दोन्हींचा अपमान ठरेल. मी ते करणार नाही. मला घ्यायचा आहे तो महानुभाव लेखक म्हाइंभटांचा धडा. प्रभू गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून, आणि जशा होत्या तशा. अमुक दिवशी काय खाल्लं, कुणाच्या दारात बसले, कशावर रागावले. अलंकार नाहीत, उपदेश नाही. माणसाचं मोठेपण त्याच्या रोजच्या वागण्यात दिसतं यावर त्या लेखकाचा विश्वास होता. मीही अक्काबद्दल तसंच सांगणार आहे.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. अक्का जन्मली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या काही वर्षं आधी. डाउन सिंड्रोम कशामुळे होतो हे जगाला कळून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या २१ क्रमांकाच्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं आलं की हे घडतं, हे १९५९ साली फ्रान्समध्ये सिद्ध झालं. आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, मागच्या जन्मी कुणी काय केलं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण औसा तालुक्यातल्या बाळंतिणीला हे सांगणार कोण? माझ्या मायला लोकांनी दोन गोष्टी सांगितल्या. काही जण म्हणाले, ‘कर्माचं फळ हाय.’ काही जण म्हणाले, ‘देवाचं लेकरू हाय, पाया पड.’ पहिलं बोलणं मायच्या जिव्हारी लागायचं. दुसरं तिला गोड वाटायचं, पण तेही तिला पुरेसं नव्हतं. ती म्हणायची, ‘देवाचं असू दे, पर लेकरू माझं हाय. भूक लागती त्याला.’

अक्काबद्दलच्या माझ्या साऱ्या विचाराचं मूळ मायच्या या बोलण्यात आहे. पापाचं फळ म्हटलं की माणूस दूर लोटला जातो. देव म्हटलं की तो देव्हाऱ्यात ठेवला जातो. दोन्ही रीतींनी तो पंगतीतून उठतो. त्याला भूक असते, हट्ट असतो, आवडनिवड असते, त्याचाही एखादा देव असतो, हे मग कुणाच्या ध्यानात राहत नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. अक्काला तो नव्हता, हे आमचं नशीब. १९८०च्या आसपास अमेरिकेसारख्या देशातसुद्धा या लोकांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या घरात होतं. आज तिथे ते साठीपर्यंत गेलं आहे. हा बदल गुणसूत्रांत झालेला नाही. शस्त्रक्रिया, औषधं, शिक्षण आणि मुख्य म्हणजे संस्थांच्या कोठड्यांऐवजी घरात मिळालेलं आयुष्य, यांनी तो घडवला. अक्का पन्नाशी ओलांडून गेली. वाढली ती दुष्काळी गावात, मायच्या हातच्या भाकरीवर.

शाळेत तिचं नाव घालायचा प्रयत्न झाला. शाळेने घेतलं नाही. वडील, म्हणजे आमचे आबा, त्या दिवशी तिला हाताला धरून थेट मारुतीच्या देवळात घेऊन गेले. संध्याकाळचा हरिपाठ चालू होता. आबांनी तिच्या हातात आपले टाळ दिले. अक्काचं शिक्षण त्या देवळात झालं.

आता सप्त्याबद्दल सांगतो. मराठवाड्यात ज्याचा जन्म गेला त्याला सप्ता काय हे सांगायला नको, पण हे व्याख्यान छापलं जाणार आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन गावाची पंगत. या सगळ्याच्या मध्ये एक गोष्ट अखंड चालते, ती म्हणजे विणेचा पहारा. सात दिवस आणि सात रात्री वीणा कुणाच्या तरी गळ्यात असते. ती घेणारा उभा राहतो, तार छेडत नाम घेतो, आणि वेळ संपली की पुढच्या माणसाच्या गळ्यात वीणा घालून त्याच्या पाया पडतो, तो याच्या पाया पडतो. वीणा खाली टेकवायची नाही, थांबवायची नाही. पहारे वाटून दिलेले असतात. रात्री कीर्तन संपल्यावर गाव झोपतं आणि काकड्याला पुन्हा जागं होतं. त्यामधले पहारे घ्यायला माणूस मिळत नाही.

आमच्या गावचे विणेकरी म्हातारे होते, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, बोलणं कमी. एका सप्त्यात अपरात्रीचा पहारेकरी आला नाही. विणेकऱ्यांचे पाय सुजले होते. अक्का देवळातच मायजवळ झोपलेली असायची, कारण सप्त्यात ती घरी यायला तयारच नसे. तिने उठून दोन्ही हात पुढे केले. विणेकऱ्यांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि वीणा तिच्या गळ्यात घातली. ती कशी धरायची, बोट कुठे ठेवायचं, हे त्यांनी एकदाच दाखवलं. पहाटे काकड्याला लोक आले तेव्हा अक्का उभी होती. पाय जुळवलेले, मान किंचित डावीकडे कललेली, बोट तारेवर, आणि तोंडाने तिच्या उच्चारात ‘इट्टल इट्टल’ चाललेलं. विणेकरी खांबाला टेकून बसले होते, पण जागे होते.

पुढच्या वर्षी पहाऱ्यांच्या यादीत अक्काचं नाव आलं. गावात कुरबुर झाली. बायकांचा पहारा दिवसा असतो, आणि हिला तर काहीच कळत नाही, असं म्हणणारे होते. विणेकरी एवढंच म्हणाले, ‘ती वीणा टेकवीत न्हाई. तुम्ही टेकवता.’ त्यावर कुणी बोललं नाही, कारण ते खरं होतं. पुढे वर्षानुवर्षं तो अवघड पहारा अक्काचा राहिला. तिला घड्याळ कळत नव्हतं. पुढचा पहारेकरी येईपर्यंत उभं राहायचं, हे कळत होतं. पहाऱ्याला याहून जास्त काही कळावं लागत नाही.

नाम घ्यायला कुठलाही अधिकार लागत नाही, असं वारकरी परंपरा सातशे वर्षं सांगत आली. जातीचा नाही, विद्येचा नाही, पुरुषपणाचा नाही. म्हणून तर तेरला मातीचं काम करणारे गोरोबा संत झाले, आणि आपल्याच गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करता करता संत झाली. पण अधिकार लागत नाही असं म्हणताना आपण बहुधा शहाण्या माणसाचाच विचार करतो, त्याच्याकडे जात नसेल, विद्या नसेल, पण बुद्धी असते असं धरून चालतो. परंपरेचा शब्द खरा की पोकळ, हे अक्कासारखी माणसं समोर उभी राहिली की कळतं. त्या म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी तो शब्द खरा केला. त्यांनी कुठला कायदा वाचला नव्हता. त्यांनी परंपरा जशी होती तशी मानली.

मग माळेचा प्रश्न आला. अक्काने माळ मागितली. तुळशीची माळ गळ्यात घालणं म्हणजे दागिना घालणं नव्हे, ते व्रत आहे. मांसमच्छी वर्ज्य, एकादशी करायची, पंढरीची वारी चुकवायची नाही. आमच्याच घरात मतभेद झाले. आबा म्हणाले, ‘नियम मोडला तर दोष कुणाला? तिला की आपल्याला?’ काल्याच्या कीर्तनाला आलेल्या महाराजांपुढे प्रश्न गेला. महाराजांनी अक्कालाच जवळ बसवलं. हे मटण, हे खाणार का? तिने मान हलवली. एकादशीला भाकरी मागणार का? पुन्हा नाही. पंढरपूरला येणार का? त्यावर ती उठूनच उभी राहिली. महाराजांनी माळ घातली.

ते व्रत अक्काने मरेपर्यंत मोडलं नाही. ते कसं पाळलं हे सांगितलं पाहिजे. तिला पंचांग कळत नव्हतं, म्हणून ती रोज सकाळी मायला विचारायची, ‘आज एकादस?’ माय गेल्यावर माझ्या पत्नीला विचारायची. लग्नकार्यात परक्या पंगतीला बसली की वाढप्याच्या भांड्यात वाकून पाहायची, वास घ्यायची आणि मग ताट पुढे करायची. आम्ही शेजारी असलो तरी आमच्या शब्दावर विसंबायची नाही. तिचं व्रत तीच सांभाळायची. ज्याला नियम समजत नाही तो असा जपून वागेल का? ते वागणं हेच तिचं समजणं होतं. आपण समज शब्दांत मोजतो, आणि ज्याच्याकडे शब्द कमी त्याच्याकडे समज कमी असं गृहीत धरतो. अक्कासारख्या माणसांवर होणारा सगळ्यात जुना अन्याय तो हाच.

पंढरपूरला आम्ही पूर्वी लातूरहून छोट्या गाडीने जायचो, बार्शी लाइटची ती नॅरोगेज. कुर्डूवाडी ओलांडली की माय हात जोडायची आणि अक्कालाही जोडायला लावायची. कारण त्या वाटेवर माढा तालुक्यात लऊळ गाव आहे, संत कूर्मदासांचं. कूर्मदास पैठणचे. हातपाय नसलेले, म्हणून ते नाव. परंपरा सांगते की त्यांना पंढरीची ओढ लागली आणि ते जमिनीवरून सरपटत निघाले. लऊळपर्यंत आले आणि देह पुढे जाईना. कार्तिकी एकादशी तर तोंडावर आली. त्यांनी वाटसरूंबरोबर निरोप पाठवला, आणि विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांना घेऊन त्यांना भेटायला लऊळला आला.

ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. पण तिच्यात एक मोठा विचार सांगितलेला आहे. भक्त पोचू शकत नसेल तर देवाने उठून यायचं. कूर्मदासाने तीर्थापर्यंत पोचण्याइतकं सक्षम आधी व्हावं, मग दर्शन मिळेल, असं विठ्ठल म्हणत नाही. आजच्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याचा गाभाही हाच आहे. माणसाने व्यवस्थेच्या मापात बसण्यापेक्षा व्यवस्थेने त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली तसा करार केला, भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली, आणि त्यातून आपला २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. लऊळच्या वाटेवर हे आपल्याला कितीतरी आधी सांगितलेलं होतं.

१९९३ सालचा ३० सप्टेंबर. गणपती बोळवून गाव निजलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. त्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली, औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. आमच्या गावात पडझड झाली, बहुतेक माणसं वाचली. देऊळ पडलं. त्यानंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. धीराची म्हणून ओळखली जाणारी माणसं त्या दिवसांत सैरभैर झाली होती. अक्काही घाबरली होती. ती कितीतरी महिने छताखाली झोपली नाही. पण तिने एक केलं. रोज पहाटे शेडच्या पुढे उभी राहून टाळ वाजवायला लागली, जसं देवळात वाजवायची तसं. पहिले काही दिवस लोक चिडले. मग शेजारच्या शेडमधली एक म्हातारी, जिचं घरातलं माणूस गेलं होतं, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. कार्तिक लागला तेव्हा आमच्या गावचा काकडा पत्र्याच्या शेडपुढे सुरू झाला. हे अक्काने ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. तिने स्वतःला सावरण्यासाठी जे केलं त्याने इतरांनाही सावरायला जागा दिली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नोकरीमुळे मी नांदेडला स्थायिक झालो. आबा आणि माय गेल्यावर अक्का आमच्याकडे आली. गाव सुटलं, देऊळ सुटलं, ओळखीचे आवाज सुटले. ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली. नांदेडहून सिकंदराबाद एका रात्रीच्या अंतरावर. तिथे १९८४ साली सुरू झालेली बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या तज्ज्ञांनी तपासण्या केल्या, आणि आम्हाला विचारलं, ‘घरी असताना या दिवसभर काय करायच्या?’ ते काम त्यांना परत मिळवून द्या, असा त्यांचा सल्ला होता.

ते काम तिला मिळालं कुठे? सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये. गुरू गोविंदसिंघजींनी १७०८ साली याच नगरीत देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं, हे आपण सगळे जाणतो. माझी पत्नी एकदा अक्काला दर्शनाला घेऊन गेली. लंगरमध्ये बायका कणीक तिंबत होत्या, पोळ्या लाटत होत्या, लसूण सोलत होत्या. अक्काने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि त्यांच्यात जाऊन बसली. कुणी विचारलं नाही तू कोण, कुठली, तुझा धर्म कोणता, तुला जमेल का. एका वयस्कर बाईने लसणाची परात तिच्या पुढे सरकवली. त्या दिवसापासून अक्का पुन्हा जेवायला लागली. दर आठवड्याला जायचा नेम झाला. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात विठ्ठल, आणि हात गुरूच्या लंगरमध्ये. तिला यात काही विसंगती वाटली नाही. संत नामदेवांची वाणी ग्रंथसाहिबात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. पण ज्या घरात आपला माणूस आहे तिथे परकेपण वाटत नाही, ते तिला वाटलं नाही.

शेवटची वर्षं कठीण गेली. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका फार वाढतो. त्या रोगाशी निगडित असलेलं एक प्रथिन ज्या जनुकापासून तयार होतं, ते जनुक याच २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, आणि यांच्याकडे त्याची एक प्रत जास्त असते. अक्का आधी वाटा विसरली, मग आमची नावं विसरली. माझ्या पत्नीला ती माय म्हणायला लागली. पण संध्याकाळी हरिपाठाची चाल लावली की तिचे तळवे बरोबर ठेक्यावर यायचे. सूर आणि ठेका माणसाच्या स्मृतीत फार खोल रुजतात, असं डॉक्टर सांगतात. अक्काच्या बाबतीत हेही खरं की तिने आयुष्यभर ते रोज केलं होतं. जे रोज केलं, ते शेवटपर्यंत राहिलं. ती गेली तेव्हा माळ गळ्यात होती.

माझ्या बहिणीची कहाणी इथे संपते, पण ज्यासाठी मी उभा आहे ते अजून सांगायचं आहे. जी माणसं अशा मुलांना घरात जीव लावून वाढवतात त्यांच्या मनात एकच प्रश्न रात्रंदिवस असतो, आमच्यामागे काय? माय हा प्रश्न विठ्ठलाला विचारायची. तो आपल्यालाही विचारलेला आहे.

या प्रश्नापासूनच या क्षेत्रातली मोठी कामं उभी राहिली. १९४४ साली मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या जय या आपल्या मुलीसाठी शाळा काढली. आज जय वकील संस्थेने तयार केलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांत शिकवला जातो. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं आणि ‘अठरा वर्षांनंतर यांनी जायचं कुठे?’ हा प्रश्न सरकारपुढे सतत मांडला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, प्रश्न मात्र अजून उभाच आहे. आपल्या लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे, लातुरात स्वमग्न आणि बहुविकलांग मुलांसाठी ‘उमंग’ आहे. २०११च्या जनगणनेने देशात सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग नोंदले. त्यांतली बहुसंख्य माणसं कुठल्याही संस्थेत नाहीत. ती घरात आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांना सांभाळणारी एक बाई आहे, आई, वहिनी नाहीतर बहीण. आमच्या घरात आधी माय होती आणि मग माझी पत्नी. अक्काच्या श्रद्धेचं श्रेय अक्काचं, पण ती श्रद्धा जगवता आली ती या दोघींमुळे.

कायद्याने काही दारं उघडी ठेवली आहेत, ती बहुतेकांना माहीत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. सज्ञान बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज तिथे करता येतो. आई-वडील हयात असतानाच तो करावा. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या गावात तो कशावर खर्च झाला.

एक गोष्ट कायद्याने होणार नाही, ती आपण करायची आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत वर्षभर कुठे ना कुठे सप्ता चालू असतो. माळेगावची खंडोबाची यात्रा आहे, लातूरला सिद्धेश्वराची यात्रा आहे, माहूरचा गड आहे, दर्गे आहेत, विहार आहेत, गुरुद्वारे आहेत. या प्रत्येक ठिकाणी असं एखादं माणूस कडेला बसवलेलं असतं. प्रसाद त्याला आधी मिळतो, काम कधीच मिळत नाही. विणेकऱ्यांना, महाराजांना, ट्रस्टींना, सप्ता कमिटीच्या तरुणांना माझी हात जोडून विनंती आहे. त्याला काम द्या. टाळ द्या, झाडू द्या, पंगतीत पाणी वाढू द्या, माळ मागितली तर त्यालाच विचारा आणि माळ घाला. त्याच्या पाया पडू नका आणि त्याच्यावर हसू नका. आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी त्याला घरात झाकून ठेवू नये. त्याला देवळात आणा, लोकांत आणा, त्याच्या वतीने मागा.

अक्काला काय कळत होतं, याचं उत्तर मी दिलं आहे. आता यंदाच्या सप्त्याच्या पहाऱ्यांची यादी कराल तेव्हा तिच्यासारख्या एकाचं नाव त्या यादीत घाला, एवढंच माझं मागणं आहे.

राम कृष्ण हरी.